केंद्राचा गुणवत्ता आराखडा: ‘दहा टक्के वाढ’ लिहिण्याआधी काय करावं?

मॅडम, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला नुकतीच केंद्रप्रमुख म्हणून पदोन्नती मिळाली आहे. केंद्रात जिल्हा परिषदेच्या अकरा शाळा आहेत, त्यातल्या तीन ऊसतोड कामगारांच्या गावांत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी केंद्राचा वार्षिक गुणवत्ता विकास आराखडा मागवला आहे. कपाटातले जुने आराखडे तुम्ही काढून पाहिलेत, तर प्रत्येकात ‘भाषा व गणित संपादणुकीत दहा टक्के वाढ’ हेच वाक्य (संपादणूक म्हणजे मुलं प्रत्यक्षात किती शिकली ते), फक्त वरचं साल बदललेलं. सत्राअखेरच्या संकलित चाचणीत बहुतेक वर्ग सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आहेत आणि तुम्ही वर्गात जाऊन वाचायला सांगितलंत तर चौथीची मुलंही अडखळतात. तेव्हा दरवर्षी थोडी का होईना, पण खरी सुधारणा होत राहील असा आराखडा कसा करायचा?

मी शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शेवटी शिक्षण विस्तार अधिकारी अशा पायऱ्या चढत निवृत्त झालो. हा आराखडा मी भरून दिलाय, तपासलाय आणि बीटाचा, म्हणजे काही केंद्रांचा मिळून, एकत्र करून वर पाठवलाय. माझ्या मते तुमची अडचण आराखड्याच्या नमुन्यात नाहीच. तुमच्याकडे येणारा आकडा आणि वर्गात समोर बसलेलं मूल यांची गाठच पडत नाही, ही खरी अडचण आहे. ती सुटल्याशिवाय कितीही देखणा नमुना भरलात तरी पुढच्या जूनमध्ये याच जागी उभ्या असाल. म्हणून आराखडा लिहायचा कसा यापेक्षा लिहिण्याआधी काय करायचं, यावरच मी जास्त बोलणार आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या केंद्रावर अवलंबून आहेत. अकरापैकी द्विशिक्षकी शाळा किती? जागा किती रिकाम्या आहेत आणि कामगिरीवर, म्हणजे तात्पुरते दुसरीकडे, किती जण गेलेत? शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे चार-पाच वर्ग दोघांत, आणि त्यातल्या एकाला बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामासाठी तहसीलला बोलावलं की सगळी शाळा एकावर. अशा शाळेचा आराखडा आणि सात शिक्षकांच्या केंद्रशाळेचा आराखडा एकसारखा असू शकत नाही. दुसरं, मुलांची घरची भाषा. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी किंवा भिली, बंजारा तांड्यावर गोरमाटी. तिथे पहिली-दुसरीत ‘वाचन कच्चं’ असं लिहिणं हे निदानच चुकतं. मूल अक्षरं जोडून शब्द उच्चारतं, पण तो शब्द त्याने जन्मात ऐकलेला नसतो. तुमच्या तीन गावांत तांडे असतील तर हे आधी तपासा.

आता आकड्यांकडे येऊ. ते तुमच्याकडे कमी नाहीत, उलट नको तितके आहेत. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नोव्हेंबर २०१७ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ ला परख या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं सर्वेक्षण झालं. ही नमुना सर्वेक्षणं आहेत, जिल्ह्याचा अंदाज देतात. तुमच्या केंद्रातली एखादी शाळा नमुन्यात आली असेल किंवा नसेलही. ‘असर’ या शिक्षण सर्वेक्षणाची मंडळी तर शाळेत न जाता घरोघरी जाऊन मुलांना तपासतात, त्यातूनही मोठ्या भागाचंच चित्र कळतं. हे सगळं साहेबांच्या भाषणाला उपयोगी, तुमच्या आराखड्याला फारसं नाही. राहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत आणि नंतरच्या संकलित चाचण्या. त्या तुमच्याच मुलांच्या आहेत, पण पेपर घेतो वर्गशिक्षक, तपासतो तोच आणि गुण भरतोही तोच. तुमच्या ऐंशी टक्क्यांचं मूळ बहुतेक इथेच आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे स्वतःची पाहणी. शाळा उघडून दोन-तीन आठवडे झाले, मुलं स्थिरावली की करा. शिक्षकांची अदलाबदल करून करा: एका शाळेतल्या बाईंनी शेजारच्या शाळेतली मुलं तपासायची आणि तिथल्या गुरुजींनी इकडची. दर मुलामागे पाच मिनिटं धरली तर चाळीस मुलांच्या शाळेला दोनशे मिनिटं लागतात. एका दिवसात उरकतं, आणि एक जण तपासत असताना दुसऱ्याला वर्ग सांभाळता येतात. वाचनासाठी ‘असर’ने रुळवलेल्या पातळ्या पुरेशा आहेत: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, आणि ज्याला अक्षरही ओळखता येत नाही तो प्रारंभिक. उतारा मात्र पाठ्यपुस्तकातला नको. पुस्तकातला धडा तिसरीच्या मुलाला ऐकून ऐकून तोंडपाठ झालेला असतो. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड तिसऱ्या ओळीवर, असं ‘अस्खलित वाचन’ मी कितीतरी वर्गांत ऐकलंय. स्वतः चार ओळी लिहा. विहीर, शेळी, एसटी, चुलता असे ओळखीचे शब्द घाला, पण ओळी नव्या हव्यात. वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा, नाहीतर नुसता उच्चार मोजला जातो. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून, असं अपेक्षित आहे. ते डोळ्यासमोर असू द्या, पण पहिल्या पाहणीत घड्याळ लावू नका. मुलं बिचकतात.

गणितात एकच वजाबाकी देऊन बघा: ५२ वजा २७. उत्तर २५. आता तीन मुलांच्या पाट्या बघू. एकीवर ३५ आहे. त्या मुलाने पाचातून दोन काढले आणि एककात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. दुसरीवर ७९ आहे, म्हणजे त्याने सरळ बेरीज केली, चिन्हाकडे पाहिलंच नाही. तिसरीवर २४ आहे. त्याने दशक सोडवून घेतलाय, पद्धत बरोबर आहे, फक्त बारातून सात काढताना बोटांवर एक चुकला. चाचणीच्या पेपरात तिघांनाही शून्य. गुण भरायच्या सरकारी पोर्टलवर तिघंही सारखेच. वर्गात मात्र तिघांना तीन वेगळी कामं द्यावी लागतील. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दशक-एकक पुन्हा हाताळू द्यायचं. दुसऱ्याला तोंडी उदाहरणं द्यायची, ‘दुकानात बावन्न रुपये नेले, सत्तावीस खर्चले’ अशी, आणि मग चिन्ह. तिसऱ्याला फक्त सराव. ‘गणितात दहा टक्के वाढ’ या वाक्यात यातलं काही मावतं का? म्हणून मी शिक्षकांना सांगायचो, गुण नका पाठवू, चुकलेल्या पाट्यांचे फोटो पाठवा. त्यातून मला दहा तक्त्यांपेक्षा जास्त कळायचं.

टक्क्यांबद्दल आणखी एक, कारण याच्यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. तुमच्या बऱ्याच शाळांत एका वर्गात पाच-सात मुलं असतील. सहा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. तिथे ‘दहा टक्के वाढ’ म्हणजे सहा दशांश मूल! मागच्या वर्षी तिसरीत सहापैकी चौघांना वाचता येत होतं, यंदा तिसरीत सहापैकी तिघांना येतं, की लगेच ‘सदुसष्टवरून पन्नासवर घसरण, खुलासा सादर करावा’. अहो, ती मुलंच वेगळी आहेत. मागच्या वर्षीची तिसरी आता चौथीत गेली, तिचं काय झालं ते कोणी विचारत नाही. त्यामुळे एवढ्या लहान पटाच्या शाळेत टक्केवारी बंद आणि नावं सुरू. एका जाड वहीत शाळेवार मुलांची नावं, पुढे चार रकाने: जुलै, दसरा, जानेवारी, एप्रिल. प्रत्येक रकान्यात वाचनाची पातळी आणि वजाबाकी-भागाकाराची खूण. पुढच्या वर्षी तीच नावं पुढच्या वर्गाच्या पानावर न्यायची. सुधारणा ‘सातत्यपूर्ण’ आहे की नाही हे अशा वहीतूनच कळतं. दरवर्षीच्या तिसरीची एकमेकींशी तुलना करून कळत नाही.

आता उद्दिष्ट. वहीतून मोजून काढा, उदाहरणार्थ: तिसरी ते पाचवीतली एकोणीस मुलं शब्दावर अडकली आहेत, सात मुलं अजून अक्षरावर आहेत. मग आराखड्यात लिहा, ‘शब्दपातळीवरची एकोणीस मुलं दिवाळीपर्यंत परिच्छेद वाचतील, अक्षरपातळीवरची सात मुलं शब्द वाचतील.’ हे वाक्य तपासता येतं. ऑक्टोबरमध्ये कुणीही जाऊन बघावं, झालं की नाही. आणि नाही झालं तर नेमक्या कोणत्या मुलाचं नाही झालं, हेही हाताशी राहतं.

ऊसतोडीच्या तीन गावांत मात्र दिवाळी हा टप्पा धरू नका. दसरा झाला की टोळ्या उचल (आगाऊ मजुरी) घेऊन निघायला लागतात, पाडव्याच्या सुमाराला परततात. म्हणजे तिथलं तुमचं वर्ष दसऱ्यालाच संपतं. कागदावर पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान दोनशे दिवस, या मुलांच्या वाट्याला त्यातले निम्मेही येत नाहीत. म्हणून तिथे जुलै ते दसरा वाचन आणि संख्याज्ञान सोडून दुसरं काही काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उपक्रम, स्पर्धा, फलकलेखन सगळं नंतर. हंगामी वसतिगृहाचा (आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायच्या सोयीचा) प्रस्ताव मुलं गेल्यावर करून उपयोग नसतो. ऑगस्टमध्येच पालकांशी बोलून, आजी-आजोबांकडे कोण राहणार आणि कोण जाणार याची यादी करा. जी मुलं जाणारच, त्यांच्याबरोबर पातळीची चिठ्ठी द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसली तर तिथल्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून चाचपडायला नको.

मग नेमकं बदलायचं काय? इथे बहुतेक आराखडे फसतात. एकेका आराखड्यात मी वीस-पंचवीस उपक्रम पाहिलेत: वाचन कट्टा, शब्दडोंगर, पाढ्यांची शर्यत, दत्तक विद्यार्थी, एक ना दोन. त्यातला एकही वाईट नाही. पण एकदम सगळे केले की कशामुळे फरक पडला हे कळत नाही, आणि काहीच फरक पडला नाही तरी ‘उपक्रम राबवले’ असं म्हणायला जागा राहते. पहिल्या वर्षी एकच बदल घ्या. माझा कौल तिसरी ते पाचवीसाठी रोज एक तास पातळीनुसार गट करण्याला आहे. त्या तासात इयत्ता विसरायची. शब्दावरची सगळी मुलं एकत्र, मग ती तिसरीतली असोत की पाचवीतली. द्विशिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं, कारण तिथे वर्ग आधीच एकत्र असतात.

ही माझी शोधलेली युक्ती नव्हे. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबईत आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. त्यांच्या परिणामांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. या दोघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात असे प्रयोगही होते. पण तुमच्या कामाचं त्याच्या पुढे आहे. हीच पद्धत नंतर सरकारी शाळांत सरकारी शिक्षकांकडून राबवून पाहिली. जिथे नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तिथे फारसं काही हललं नाही, कारण शिक्षक परत जाऊन अभ्यासक्रम संपवायच्या मागे लागले. हरियाणात २०१२-१३ साली दोन गोष्टी वेगळ्या केल्या: गटांचा तास वेळापत्रकात सक्तीने वेगळा काढला, आणि आपल्या केंद्रप्रमुखांसारख्या पर्यवेक्षकांनी शिक्षकांना सांगण्याआधी स्वतः काही दिवस मुलांना त्या पद्धतीने शिकवून पाहिलं. तिथे हिंदी वाचनात फरक दिसला. मॅडम, यातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे. जुलैमध्ये एखादी शाळा निवडा आणि रोज सकाळी तो एक तास स्वतः घ्या. केंद्रप्रमुख खडू हातात घेतो हे बाकीच्या शाळांना आठ दिवसांत कळतं, आणि मग शिक्षण परिषदेत तुमच्या बोलण्याला वेगळं वजन येतं.

जाता जाता एक. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा गुणवत्तावाढीचा कार्यक्रम आला, त्या सुमाराला साताऱ्याचं कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. तिथलं काम मनापासून चांगलं होतं. पण पाहून आलेल्यांपैकी अनेकांनी काय आणलं? फरशीवर रंगवलेली वर्तुळं. तालुक्यातालुक्यात फरशा रंगल्या. तिथल्या शिक्षिका मुलाच्या उत्तरानंतर ‘तुला असं का वाटलं?’ विचारून थांबत होत्या, ते थांबणं मात्र सोबत आलं नाही, कारण ते फोटोत दिसत नाही. दुसऱ्या शाळेतून एखादी गोष्ट उचलताना हे लक्षात असू द्या.

इथवरचं थोडक्यात: आधी अदलाबदलीने खरी पाहणी, मग नावांची वही, त्यातून मोजता येणारं उद्दिष्ट, आणि ते गाठायला एकच बदल. आता हे वर्षभर चालू कसं ठेवायचं ते सांगतो.

महिन्याची शिक्षण परिषद हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन आहे आणि सगळ्यात जास्त वाया जाणारंही. नेहमीचा क्रम तुम्हाला माहीत आहे: स्वागत, परिपत्रकांचं वाचन, पोर्टलवर कोणाची माहिती बाकी आहे त्यांची नावं, चहा, आणि मग वेळ उरला तर एखादा नमुना पाठ. परिपत्रकं आणि थकबाकी ग्रुपवर टाका. परिषदेत पहिला अर्धा तास प्रत्येक शाळेने फक्त एवढंच सांगायचं: गेल्या महिन्यात कोणती मुलं पुढच्या पातळीवर गेली, कोणती हलली नाहीत आणि न हललेल्यांपैकी एकासाठी या महिन्यात काय वेगळं करणार. शाळेला तीन मिनिटं, अकरा शाळांना तेहतीस. मग एका न हललेल्या मुलावर सगळ्यांनी मिळून बोलायचं. पाटीवर ३५ लिहिणारं मूल कसं सोडवायचं यावर अनुभवी शिक्षकांकडे इतकं असतं की एरवी ते कोणी विचारतच नाही म्हणून पडून राहतं.

शाळाभेटीत शेरेबुकात काय लिहिता, त्यावरही बरंच अवलंबून आहे. ‘शालेय परिसर स्वच्छ, टाचण अद्ययावत, अध्यापन समाधानकारक, वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे’ हा शेरा कुठल्याही शाळेत कुठल्याही दिवशी चालतो, म्हणून तो कुणीच वाचत नाही. भेटीत तीन-चार मुलांचं वाचन स्वतः ऐका आणि एकच गोष्ट लिहा, तीही शिक्षकाशी बोलून ठरलेली. ‘जोडाक्षरांवर अडणाऱ्या चार मुलांना रोज परिपाठानंतर दहा मिनिटं’, एवढंच. पुढच्या भेटीत नवं काही बघण्याआधी त्या चार मुलांना बोलवा. दोन-तीन फेऱ्यांत शिक्षकांच्या ध्यानात येतं की बाई लिहितात ते पुढच्या वेळी विचारतात.

आता सगळ्यात नाजूक भाग, भीतीचा. शिक्षक गुण वाढवून का लिहितात? आळशी किंवा अप्रामाणिक असतात म्हणून, असं मला कधीच वाटलं नाही. कमी लिहिलं तर नोटीस, जास्त लिहिलं तर सत्कार, आणि खरं लिहिलं तर मदत मिळेल याची खात्री नाही. अशा हिशेबात कुणीही शहाणा माणूस जास्तच लिहील. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रच्या काळात शाळा ‘प्रगत’ घोषित करायची चढाओढ लागली होती, ती तुम्ही शिक्षिका म्हणून पाहिली असेल. हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात सरकारी शाळांना दरवर्षी चढत जाणारी गुणांची उद्दिष्टं दिलेली होती. गाठली तर बक्षीस, नाही तर नोकरीवर टांगती तलवार. गुण झपाट्याने वाढले आणि २००९ साली तिथल्या अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना देशातल्या सर्वोत्तम शाळा अधीक्षकाचा मान मिळाला. २०११ मध्ये राज्य सरकारच्या चौकशीचा अहवाल आला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार झालेले होते. एकूण १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक त्यात गुंतलेले होते. काही ठिकाणी शिक्षक एकत्र बसून मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होते. तिथली माणसं आपल्यापेक्षा वाईट नव्हती, फक्त आराखड्यातला आकडा त्यांच्या पोटापाण्याशी बांधलेला होता.

यावर तुमच्या पातळीवर तीन गोष्टी करता येतात. शाळांचा क्रम लावू नका, ग्रुपवर तर अजिबात नको. पाहणीतला आकडा कुणाच्याही गोपनीय अहवालात वापरणार नाही, असं पहिल्याच परिषदेत सांगा आणि मग खरंच वापरू नका. आणि ज्या शिक्षकाने पहिल्यांदा ‘माझ्या वर्गातली नऊ मुलं अक्षरावर आहेत’ असं कबूल केलं, त्याच्या शाळेत पुढच्याच आठवड्यात जाऊन बसा, शेरेबुक न मागता. एकाचं भलं झालेलं दिसलं की बाकीचे बोलायला लागतात. हे सगळ्याच केंद्रांत सारख्याच वेगाने होत नाही. जिथे आधीच्या केंद्रप्रमुखांनी नोटिसांचा मारा केलेला असतो, तिथे पहिलं वर्ष विश्वास बसवण्यातच जातं.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. प्रत्यक्षात मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या होतात, हे आपण दोघंही जाणतो. त्याला एकदम वळण लावायला जाऊ नका. एका बैठकीत एवढंच करा: समितीतल्या आयांसमोर त्यांच्याच मुलांना नव्या चार ओळी वाचायला द्या. ‘संपादणूक’ म्हटल्यावर गप्प बसणाऱ्या बायका यानंतर नीट प्रश्न विचारतात. शाळा अनुदान तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार आणि शंभरपर्यंतच्या शाळेला पंचवीस हजार इतकंच असतं. त्यातून दुरुस्ती-स्वच्छता वजा जाता फार काही उरत नाही. उरेल त्यात गोष्टीची पातळ पुस्तकं घ्या. ती कपाटात कुलूपबंद न राहता फाटली पाहिजेत, एवढं बघा.

एप्रिलमध्ये वही पुन्हा भरली की एक दुपार मुख्याध्यापकांबरोबर बसून ठरवायचं: पुढच्या वर्षी काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं. ‘बंद’ची यादी करायला आपण घाबरतो, पण दुसऱ्या वर्षी नवा बदल आणायला जागा तिथूनच मिळते. गटांचा तास अंगवळणी पडला असेल तर दुसऱ्या वर्षी पहिली-दुसरी घ्या, म्हणजे मागे पडलेल्यांची रांगच लहान होईल. आणि बदल्या धरून चाला. मे-जूनमध्ये निम्मे शिक्षक नवे येऊ शकतात. म्हणून नावांची वही शिक्षकाची नको, शाळेची हवी, आणि तिची एक प्रत तुमच्याकडे. पदभार देता-घेताना डेडस्टॉकच्या (शाळेच्या सामानाच्या) यादीबरोबर ही वहीही दिली-घेतली जावी, असं परिषदेत ठरवून टाका.

राहिला साहेबांचा, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांचा, नमुना. त्यात ‘अपेक्षित वाढ’ असा रकाना असणारच, आणि तो कोरा ठेवून भांडण ओढवून घेण्यात अर्थ नाही. दहा टक्के लिहायचे तर लिहा, मागे एक जोडपत्र लावा: शाळेवार कोणत्या पातळीवर किती मुलं, दसऱ्यापर्यंत किती हलवणार, कोणत्या बदलाने, आणि त्यासाठी पंचायत समितीकडून काय हवं. ‘काय हवं’मध्ये नेमकं मागा: या दोन शाळांतला कामगिरीवर गेलेला शिक्षक परत द्या, जुलै-सप्टेंबरमध्ये या तीन गावांतल्या शिक्षकांना इतर कामांतून वगळा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, त्याचा हवाला द्या. सगळं मिळणार नाही. पण अर्ज दिलेला असला तर पुढे बोलता येतं.

एक गोष्ट मात्र जोडपत्रावर सोपवू नका. खरे आकडे भरले की पहिल्या वर्षी तुमच्या केंद्राची टक्केवारी खाली जाणार, कदाचित ऐंशीवरून पन्नासच्याही खाली. हे साहेबांना आधी समोर बसून सांगा, वही दाखवा, जमलं तर त्यांना एका शाळेत नेऊन दोन मुलांचं वाचन ऐकवा. पायाभूत चाचणीचे गुण पोर्टलवर जाण्याआधी हे व्हायला हवं. एकदा लाल रंगात तुमच्या केंद्राचं नाव आलं की मग खुलासा मागवला जातो, आणि त्या खुलाशातलं कारण वाचायला कुणाला वेळ नसतो.

अकरापैकी द्विशिक्षकी शाळा किती आणि तीन ऊसतोड गावांत पट किती, एवढं कळवा. त्यावरून गटांच्या तासाचं वेळापत्रक कसं बसवायचं ते सांगता येईल. सकाळ सत्राच्या शाळांना ते वेगळं पडतं.